रीबिल्ड दाबू नका

अक्षय्यतृतीयेला चार दिवस होते. रत्नागिरीजवळच्या काही बागायतदारांनी मिळून हापूसची ऑनलाइन विक्री सुरू केली आहे, तिची वेबसाइट मी सांभाळतो. गिऱ्हाईक आधी पैसे भरतं, रात्री यादी निघते, त्या यादीवरून आढीतली फळं निवडून पेट्या भरतात आणि पहाटे पाचला टेम्पो सुटतो. त्या दिवसांत यादी निघाली नाही तर सगळंच अडतं. आढीत पिकत आलेला आंबा कुणासाठी थांबत नाही.

वर्षभरापूर्वी आम्ही शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, सोडून व्हीपीएस घेतला. एका मोठ्या सर्व्हरचे आभासी वाटे करतात, त्यातला एक आपला. आत काय चालवायचं ते आपण ठरवायचं आणि निस्तरायचंही आपणच. आमचा प्लॅन ‘अनमॅनेज्ड’ होता. यंत्र, वीज आणि नेटवर्क सर्व्हर देणाऱ्या कंपनीचं, आतलं सगळं माझं.

डिस्क भरत आली होती. जागा नसल्यामुळे रात्रीचा बॅकअप तीन दिवस अडकला होता, ते मला त्याच दिवशी कळलं. म्हणून 50 जीबीची जादा डिस्क घेतली, जोडली, फॉरमॅट केली. सर्व्हर सुरू होताना ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळही घातली. अपडेटही राहिले होते, ते उरकले आणि पावणेअकराला रीबूट केलं.

सर्व्हर परत आलाच नाही. साइट उघडेना, एसएसएचने, म्हणजे लांबून लॉगिन करायच्या वाटेने, आत जाता येईना, ‘जागा आहेस का’ एवढंच विचारणाऱ्या पिंगलाही उत्तर नाही. कंपनीच्या पॅनेलमधून कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा पडदा, उघडला. तिथे एका डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ होती आणि शेजारी दीड मिनिटाचं घड्याळ चाललं होतं. ते संपलं आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये गेला, म्हणजे दुरुस्तीपुरता अर्धवट सुरू झाला. त्याखाली आलं की रूट, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेलं, खातं बंद आहे, कन्सोल देता येत नाही. आम्ही सुरक्षेसाठी रूटला पासवर्डच ठेवला नव्हता, फक्त किल्लीने, म्हणजे एका गुप्त फाइलने, लॉगिन. एंटर दाबलं की पुन्हा तेच.

तिकडून फोन सुरू झाले. “दादा, यादी?” मी म्हटलं, अर्ध्या तासात देतो. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही.

पॅनेलवर ‘रीबिल्ड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की डिस्क पुसून नवी सिस्टिम चढते. मी हिशेब मांडला. तीन दिवसांपूर्वीचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर होता. रीबिल्ड करून तो चढवला तर साइट पहाटेपर्यंत उभी राहील. मधल्या तीन दिवसांच्या 186 ऑर्डरी जातील, त्या बँकेच्या नोंदी आणि ईमेल चाळून जुळवू. पैसे भरलेली 186 घरं. तरी मनाची तयारी झाली होती. दाबण्याआधी कंपनीकडे तिकीट, म्हणजे मदतीसाठीची लेखी तक्रार, टाकलं, कन्सोलचा फोटो जोडला आणि लिहिलं की मी रीबिल्ड करतोय, तुमच्याकडून काही अडचण नाही ना?

सात मिनिटांत उत्तर आलं. पहिली ओळ एवढीच, “कृपया रीबिल्ड दाबू नका. तुमचा डेटा शाबूत असण्याची शक्यता खूप आहे.” पुढे विचारलं होतं, “आज नवी डिस्क जोडल्यानंतर एफएसटॅबमध्ये बदल केला होता का?”

ते वाचून मला खुर्चीतून उठून गॅलरीत जावं लागलं. याआधी एका ठिकाणी मी ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे वाक्य एकाच तिकिटात चार वेळा वाचलेलं आहे. इथे कुणीतरी माझा फोटो खरोखर पाहिला होता.

मी हो लिहिलं आणि नंबर दिला. रात्रपाळीच्या इंजिनीयर बाईंचा फोन आला. सुरुवात हिंदीत झाली, मग दोघंही मराठीत आलो.

“सर, इमर्जन्सी मोडपर्यंत पोचलाय म्हणजे तुमची मुख्य डिस्क वाचली गेलीय. दुसरी सापडत नाही म्हणून तो अडून बसलाय. नियमाप्रमाणे मला तुमच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करता येत नाही. हात तुमचा चालू द्या, मी सांगते. आणि कुठलाही पासवर्ड मला सांगू नका.”

सर्वांत आधी त्यांनी स्नॅपशॉट, डिस्कची आहे तशी नक्कल, घ्यायला लावला, म्हणजे पुढे चूक झालीच तर इथपर्यंत परत येता येईल. तो पुरा होईपर्यंत त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, पण आज वाटतं की त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं काम तेच. मग रेस्क्यू मोड. सर्व्हर वेगळ्या, तात्पुरत्या सिस्टिमवर सुरू होतो आणि आपली डिस्क बाजूला नुसती जोडलेली राहते. “आता एसएसएच करताना सर्व्हरची ओळख बदलली असा मोठा इशारा येईल. घाबरू नका, सिस्टिम वेगळी आहे म्हणून येतो.” तस्साच आला. आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच हात आखडला असता.

डिस्क माउंट केली, म्हणजे तिच्यातल्या फाइली दिसतील अशी जोडली, एफएसटॅब उघडली. “आता दोन्ही डिस्कचे यूयूआयडी काढा आणि एकेक अक्षर वाचून दाखवा.” मी वाचत गेलो. यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक, तो 36 अक्षरांचा असतो. नव्या डिस्कच्या ओळीत 35च होती. कॉपी करताना शेवटचं अक्षर निसटलं होतं. दुपारी मी डिस्क तिच्या नावाने हाताने जोडून पाहिली होती, ती जोडली गेली, म्हणून ओळ तपासायचं सुचलंच नाही.

अक्षर भरलं. “नोफेल हा शब्दही घाला. पुढे कधी ही डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर अडणार नाही.” घातला. रेस्क्यूतून बाहेर पडून रीबूट केलं. बारा चाळीसला साइट उघडली. मी पहिल्यांदा ऑर्डरी मोजल्या. 186 जागेवर होत्या. त्या म्हणाल्या, “आधी यादी काढा सर, बाकी नंतर बोलू.” यादीचं मी फोनच्या सुरुवातीलाच बोललो होतो, त्यांच्या ते लक्षात होतं.

यादी गेली, टेम्पो वेळेवर सुटला. मी बाईंना म्हटलं, तुमच्या ऑफिसला एक पेटी पाठवतो. नको म्हणाल्या, कंपनीत चालत नाही. मग मी त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, झालं तसं सगळं, वेळेसकट.

सकाळी साडेनऊला त्याच तिकिटावर दिवसपाळीच्या दुसऱ्या कुणाचा निरोप होता. “रात्रीच्या सहकाऱ्यांनी नोंद ठेवली आहे की तुमचा बॅकअप तीन दिवस अडला होता. काल रात्री तो झाला का?”

मी पाहिलं. झाला नव्हता. स्क्रिप्ट अजून जुन्याच फोल्डरकडे बघत होती. जागा बदलली, हाताने एकदा चालवली आणि फाइल नव्या डिस्कवर उतरल्याचं कळवलं. त्यांनी लिहिलं की उद्याचा बॅकअप आपोआप होईपर्यंत तिकीट उघडं ठेवतो. दुसऱ्या दिवशी झाल्याचं मी कळवलं, तेव्हा ते बंद झालं.