ठराव झाला, पण वहीत आला का?

ग्रामसभेत हात वर झाले म्हणजे ठराव झाला, असं समजू नका. आमच्या ठरावाचं जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात. 2005, 2019, 2021 असे महापूर बघितलेलं. दरवेळी पाणी उतरलं की पंचनामे, मग सगळं थंड. म्हणून आमची मागणी होती: मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून गावकरी निवडायचे, त्यात निम्म्या बायका, आणि त्यांनी पूर, ऊन, पीकपाणी यांवर शिफारशी करायच्या. दर दोन वर्षांनी नवे लोक. समिती मात्र कायमची. फ्रान्समध्ये 2019-20 साली चिठ्ठीने निवडलेल्या 150 नागरिकांनी हवामान बदलावर 149 शिफारशी केल्या, पण कायदा होताना त्यातल्या बऱ्याच पातळ झाल्या. ब्रुसेल्सने 2023 पासून अशी सभा कायमचीच केली. तिथे आधीच्या फेरीतले काही जण शिफारशींचं पुढे काय झालं, याचा पाठपुरावा करतात. आम्हाला तेच हवं होतं.

सभेत विरोध झाला नाही. अडलं ते सभेच्या इतिवृत्ताच्या नकलेपाशी. कार्यालयात गेलं की "साहेब तालुक्याला गेलेत", नाहीतर "प्रोसिडिंग अजून लिहायचं आहे". शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तराची मुदत तीस दिवस. नक्कल मिळाली मुदतीच्या अगदी शेवटी. तीत एकच ओळ: "पूर नियंत्रणाबाबत चर्चा झाली." चिठ्ठी नाही, दोन वर्षं नाहीत, कायमस्वरूपी हा शब्दही नाही. माझ्या शेजारच्या काकू सभेत पहिल्यांदाच उभ्या राहून बोलल्या होत्या, त्यांचं बोलणंही गायब.

मार्ग निघाला तो पुढच्या ग्रामसभेत. पहिलाच विषय असतो मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी हा विषय "वाचलं असं समजू" म्हणून उरकतात. आम्ही पूर्ण वाचायला लावलं, दुरुस्ती मागितली आणि लिहून झाल्याशिवाय उठलो नाही. काकूंनी दुरुस्तीची ओळ स्वतः वाचून बघितली. फार बरं वाटलं.

ग्रामसभेला समित्या नेमता येतात, त्यामुळे "कायद्यात बसत नाही" असं कोणी म्हटलं तर कलम विचारा. आणि सांगायचं राहिलं: ठरावाचा मसुदा आधीच टाईप करून, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमची दुरुस्ती त्या पोचेमुळेच मान्य झाली.