सात वाजता येतो

तीन हात नाक्यावर रिक्षा अडकली आणि नौपाड्यातल्या माझ्या मानसोपचाराच्या खोलीवर पोचेपर्यंत सव्वासहा झाले. मंगळवारी सहा ही साहेबांची वेळ. (साहेबच म्हणू, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) वय पन्नाशीपुढे, तक्रार झोपेची. खुर्चीचा आवाज झाला तरी ‘सॉरी’ म्हणणारा माणूस.

त्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर होते. भिजलेली छत्री घडी घालून, पट्टा लावून मांडीवर आडवी, पाणी पँटीत मुरत होतं. मी कुलूप काढायला लागले तसे ते उठले.

“सात वाजता येतो म्हणालात आणि पत्ता नाही! माणसाने किती वेळ बसायचं?”

“अहो, ट्रॅफिक होतं, खरंच, फोन करणारच होते...” माझं तोंड सुटलंच होतं. मग त्यांचं वाक्य डोक्यात शिरलं. आमची वेळ सहाची. आणि मी बाई. मी ‘येते’ म्हणेन.

आत बसल्यावर उशिराबद्दल एकदाच, सरळ माफी मागितली. मग विचारलं, “सात वाजता येतो, असं कोण म्हणालं होतं?”

बराच वेळ फक्त छत्रीच्या पट्ट्याचं बटण. टक. टक.

साहेब आठ वर्षांचे असताना त्यांचे वडील म्हणाले होते, वागळे इस्टेटमधून शिफ्ट सुटली की येतो, तलावपाळीला नावेत बसवतो. कठड्यापाशी उभ्या पोराला शेवटी शेजाऱ्यांनी घरी आणलं. वडील बोलले नाहीत, यांनी विचारलं नाही. राग? “छे, बाबा देवमाणूस.”

दमन म्हणतात ते हेच: राग जातो कुठे, तर नेणिवेत. आणि बापाचा हिशेब माझ्या नावावर निघाला, तो ट्रान्सफरन्स. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडची रुग्ण डोरा १९०० च्या अखेरीस अकरा आठवड्यांतच उपचार सोडून गेली. ट्रान्सफरन्स आपल्याला वेळेत हाताळता आला नाही, हे त्याने १९०५ मध्ये ती केस छापताना कबूल केलं. कॉलेजात मी हे मार्कांपुरतं पाठ केलं होतं. अर्थात उशीर माझाच होता. सगळं बापावर ढकलणं ही आमच्या धंद्यातली सोपी पळवाट.

मला जास्त खुपली ती माझी दारातली गयावया. ती साहेबांसाठी नव्हतीच. घड्याळ बघत दारात उभ्या राहणाऱ्या आमच्या अण्णांसाठी होती. म्हणजे काउंटर-ट्रान्सफरन्स: माझा जुना हिशेब साहेबांच्या नावावर. तशीच गयावया करत राहिले असते, तर साहेबांनी राग गिळून मलाच सॉरी म्हटलं असतं.

पुढच्या मंगळवारी ते दहा मिनिटं उशिरा आले. छत्री दाराशी उघडीच ठेवली. सॉरी म्हणाले नाहीत.