मरून स्वेटर

बाबांच्या स्लाइड्सचे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मवरच्या छोट्या फोटोंचे डबे गेली कित्येक वर्षं माळ्यावर होते. दर साफसफाईला खाली यायचे, पुसले जायचे आणि परत वर जायचे. या वेळी मात्र मी म्हटलं, बास, आता स्कॅन करूनच टाकू. करूनच टाकू! काय हलके शब्द आहेत.

आधी हिशोब केला असता तर बसलेच नसते. एका ट्रेमध्ये ८० स्लाइड. माझा स्कॅनर ४००० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४००० ठिपके टिपताना, धूळ काढायच्या सेटिंगसकट, एका स्लाइडला चार मिनिटं घेतो. म्हणजे एका ट्रेला पाच तास वीस मिनिटं, आणि असे ट्रे सात. ४००० कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. मी आपली सांगत सुटले की फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, त्यातून जवळजवळ २१ मेगापिक्सेल निघतात, २४०० ला ठेवलं तर आठसुद्धा नाही वगैरे. आता खरं सांगते, बाबांच्या निम्म्या फोटोंत हात हललाय, आणि त्यांना २१ मेगापिक्सेल देऊन मी फक्त तो हललेला हात फार बारकाईने जपून ठेवलाय.

पहिल्या ट्रेला तर मी घोळच घातला. स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी जरा मंद, तिरक्या उजेडात धरली की त्या मंद बाजूवर चित्राचा किंचित उठाव दिसतो, ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची बाजू. कुठली बाजू कुठे हे न बघता मी भराभर लावत गेले आणि रात्री उत्साहाने सगळे फोटो आत्याला पाठवून दिले. सकाळी तिचा फोन. "अगं, दादा उजव्या हातात घड्याळ कधीपासून लावायला लागला?" मी बघितलं तर घड्याळच काय, शर्टाच्या गुंड्याही भलत्या बाजूला, भांगही उलटा. अख्खं घराणं आरशात जाऊन उभं राहिलेलं! फाइल उलटवणं हे दोन क्लिकचं काम आहे म्हणा, पण माझ्या लक्षात आलं नाही आणि तिला एका नजरेत कळलं, हे जरा लागलं.

धुळीचं वेगळंच. फुंकर मारायची नाही, त्यात थुंकी उडते, रबरी ब्लोअरने हवा मारायची आणि सुती हातमोजे घालून कडेने धरायचं. राहिलेली धूळ स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी ओळखतो, कारण रंगीत फिल्मच्या रंगांतून ते किरण आरपार जातात आणि धुळीवर अडतात, मग तेवढी जागा सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून भरून काढतं. भारी आहे. फक्त हेच मी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर चालू ठेवलं आणि आजीचा चेहरा उंदराने कुरतडल्यासारखा आला, कारण तिथे चित्र खुद्द चांदीचं असतं, किरण चांदीवरही अडतात, आणि मशीनला वाटतं ही सगळी धूळच. बिचारी आजी. बंद करून परत स्कॅन केली.

एका डब्यातून व्हिनेगरचा वास आला तेव्हा आधी मला काही कळेना. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचा पायाच विरायला लागला की तसा वास येतो आणि शेजारच्या फिल्मलाही ते लागू शकतं, म्हणून तो डबा वेगळा ठेवला आणि पहिला नंबर त्याला दिला.

पण मुख्य गोष्ट रंगांची. सगळ्या स्लाइड्स एकाच अंधारात, एकाच माळ्यावर पडलेल्या, तरी कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मवाल्या काल काढल्यासारख्या. ती फिल्म १९३५ मध्ये आली, २००९ मध्ये बंद झाली, आणि २०१० च्या शेवटी ती धुणारी जगातली शेवटची लॅबही थांबली, पण चित्रं मात्र टुकटुकीत. बाकीच्या बऱ्याचशा तांबूस पडलेल्या. त्यांच्यातला निळसर रंग, सायन, सगळ्यात आधी उडतो, मग मागे लालीच उरते आणि आकाशसुद्धा गुलाबी दिसायला लागतं.

अशाच एका स्लाइडमध्ये बाबा पायऱ्यांवर बसलेत, अंगात स्वेटर, हातात कप. घरात या फोटोला मरून स्वेटरवाला फोटो असंच नाव आहे. मी सॉफ्टवेअरमधला रंग टिपायचा ड्रॉपर घेतला, त्यांच्या शर्टाची पांढरी कॉलर शोधली, हे पांढरं असं त्याला सांगितलं, आणि क्लिक केल्याबरोबर आकाश निळं झालं, पायऱ्या दगडाच्या झाल्या आणि स्वेटर राखाडी. साधा, शाळेच्या युनिफॉर्मसारखा राखाडी.

मला वाटलं काहीतरी चुकलं. परत केलं, कॉलरवर दुसरीकडे क्लिक केलं, डोळ्याच्या पांढऱ्यावर करून बघितलं. राखाडीच. शेवटी आईला बोलावलं. तिने चष्मा लावला, जवळून बघितलं आणि म्हणाली, "राखाडीच होता की. मीच तर विणलाय. लोकर कमी पडली म्हणून बाह्या आखूड झाल्यात, बघ." बघितलं, तर खरंच मनगटाच्या वर चार बोटं शर्ट दिसतोय. लाल धुक्यात ते कधी दिसलंच नव्हतं.

मग इतकी वर्षं मरून म्हणताना बोलली का नाहीस, तर म्हणे, तुम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणायचात, मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या फोटोबद्दल बोलताय.

आत्याला नवा फोटो पाठवला. ती बराच वेळ टाइप करत होती, थांबत होती, परत टाइप करत होती. शेवटी आलं एवढंच, "छान आलाय. पण दादाचा मरून स्वेटरवालाही पाठव."

तीही फाइल ठेवलीच होती मी. पाठवली.