तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं पाठ आहे, तरी स्पॅनिशमध्ये 'बी' का?

मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कधी मुलांच्या कॉन्सर्टच्या मध्यंतरात हा प्रश्न हमखास येतो. "तुम्ही हायस्कूलला स्पॅनिश शिकवता ना? मग तुम्हीच सांगा. आमच्या मुलीला गणितात ए प्लस, केमिस्ट्रीत ए आणि स्पॅनिशमध्ये बी. शब्दांच्या क्विझमध्ये पैकीच्या पैकी असतात, क्रियापदांची रूपं तोंडपाठ आहेत. मग मार्क जातात कुठे?"

मार्क जातात ते बोलताना. समोरच्यानं अनपेक्षित काही विचारलं की पाठ केलेलं संपतं, आणि आमच्या विषयाची खरी परीक्षा तिथून पुढे असते.

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये शिकवते. कशाला किती टक्के हे नियम शाळेगणिक बदलतात, पण गाभा बराचसा सारखा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या प्रश्नामागची अपेक्षा मला चांगली ठाऊक आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दहावीला संस्कृत घेतलं ते 'स्कोअरिंग' म्हणून. शब्दरूपं, धातुरूपं, सुभाषितं पाठ. १०० पैकी ९८ पडले तर दोन कुठे गेले अशी घरी विचारणा. अकरावीला कुणी जर्मन घेतलं, कुणी फ्रेंच, त्यामागेही तोच हिशेब. त्या परीक्षेला ती तयारी योग्यच होती, कारण मार्क होते ते लेखी पेपरचे आणि काय विचारणार हे बरंचसं आधीच माहीत असायचं. स्पॅनिशची वही वरवर तशीच दिसते. आब्लो, आब्लास, आब्ला (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो) असे रकाने पाहून आईबाबांना वाटतं, हे तर आपण केलंय. पण इथे ते रकाने म्हणजे फक्त सामान आहे. त्या सामानातून काय करता येतं ते आम्ही मोजतो.

कसं मोजतो? अमेरिकेत परभाषा शिकवणाऱ्यांची ॲक्टफल नावाची राष्ट्रीय संघटना आहे. भाषा किती येते हे ठरवायला तिनं पाच पातळ्या आखून दिल्या आहेत: नॉव्हिस, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड, सुपीरियर आणि डिस्टिंग्विश्ड. पहिल्या तिन्हींमध्ये पुन्हा लो, मिड, हाय. नॉव्हिस म्हणजे सुटे शब्द, याद्या आणि पाठ केलेली वाक्यं. स्वतःची वाक्यं स्वतः जुळवता यायला लागली, साधे प्रश्न विचारता आणि निभावता यायला लागले, की इंटरमिजिएट सुरू होते. म्हणजे पाठांतर कितीही चोख असलं तरी या मापात ते सगळ्यात खालच्या पातळीवरच मोजलं जातं. हे एकदा लक्षात आलं की क्विझमधले १०० टक्के आणि मार्किंग पीरियडच्या, म्हणजे सत्राच्या, शेवटचा बी एकाच मुलीचे कसे, ते कळतं.

आणि अपेक्षा किती ठेवायची, याचाही एक हिशेब आहे. आमचं वर्ष १८० दिवसांचं. तास ४५ मिनिटांचा धरला तर वर्षाला १३५ तास, चार वर्षांचे ५४०. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवतं तेव्हा साधारण सहाशे-सातशे तास धरतं. तेही लहान गटात, पूर्ण वेळ शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. आमच्या वर्गात पंचवीस मुलं, आणि त्यांना त्याच दिवशी इतिहासाचा पेपर असतो. तेव्हा दोन वर्षांनी मुलगा मेक्सिकोत जाऊन फडाफडा बोलेल ही अपेक्षा चूक आहे. तुटक का होईना, स्वतःच्या वाक्यांत स्वतःबद्दल सांगू शकेल, ही बरोबर आहे. आणि तेवढी अपेक्षा मी प्रत्येक मुलाकडून ठेवते.

आता एक तोंडी परीक्षा दाखवते. स्पॅनिश दोनचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा वर्ग. दोघादोघांना एक कार्ड मिळतं: आजीचा वाढदिवस आहे, तयारी ठरवा. हातात कागद नाही. एका मुलानं घरून सुरेख तयारी करून आणली होती, पार्ट्यांवर आठ-दहा निर्दोष वाक्यं. जोडीदारणीनं विचारलं, "आ के ओरा बिएनेस?" किती वाजता येशील? त्यानं सांगितलं, मला पार्ट्या आवडतात कारण संगीत असतं. तिनं प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं पुढचं वाक्य म्हटलं. तिची स्पॅनिश अडखळत होती, 'ला फिएस्ता'ऐवजी ती 'एल फिएस्ता' म्हणत होती, म्हणजे पार्टीच्या शब्दाचं लिंग चुकवत होती, आणि मेणबत्तीचा शब्द तिला काही केल्या आठवेना. मग तिनं बोटं वर धरून सांगितलं, "ला कोसा... कोन फुएगो... एन एल पास्तेल." केकवरची आगवाली वस्तू. तो खुदकन हसला आणि म्हणाला, "सी, सी, यो कोम्प्रो." हो हो, मी आणतो.

तिला मी चारपैकी चार दिले, त्याला दोन. शब्द अडला तरी बोलणं थांबू न देणं हे भाषा येण्याचं फार मोठं लक्षण आहे, आणि आमच्या रूब्रिकमध्ये, म्हणजे कशाला किती मार्क ते सांगणाऱ्या तक्त्यात, त्याला जागा आहे. काम पूर्ण झालं का, समोरच्याला कळलं का, उत्तर त्याच प्रश्नाचं होतं का, हे आधी. लिंग चुकलं, क्रियापदाचा प्रत्यय चुकला, हे त्यानंतर. आणि दुसऱ्या वर्षी त्याला वजन कमी. त्या मुलाला जे दोन मिळाले, त्यातला मोठा वाटा त्या शेवटच्या वाक्याचा होता. सबंध संवादात तेवढं एकच त्याचं स्वतःचं होतं.

त्याच्या घरून ईमेल आला. व्याकरणाची एकही चूक नसताना दोन का? आईचा राग मला समजत होता, मूल खरंच रात्री बसून राबलं होतं. मी त्यांना रूब्रिक पाठवलं आणि लिहिलं की पुढच्या वेळी निबंध पाठ करून घेऊ नका, जेवताना त्याला प्रश्न विचारा. इंग्रजीत विचारा, मराठीत विचारा, त्यानं स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचं. तुम्हाला स्पॅनिश येत नसली तरी काही बिघडत नाही. तो गप्प बसतो की काहीतरी जुळवून सांगतो, एवढं तुम्हाला नक्की कळेल.

लेखी कामाचं थोडं. निबंध मी वर्गात, हातानं लिहून घेते. घरून आलेल्या कामात दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडून 'उबिएरा पोदिदो' (शकलो असतो) असली रूपं येऊ लागली, जी आम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधी शिकवतच नाही, तेव्हा ते भाषांतराच्या ॲपचं लेखन होतं हे उघड होतं. म्हणून गृहपाठाला माझ्याकडे मार्क नाममात्र. हात वर करण्यालाही मी मार्क देत नाही. बुजरं मूल जोडीत छान बोलतं, त्याचा स्वभाव मोजायचा मला अधिकार नाही असं मला मनापासून वाटतं. लेखी काम मात्र सुधारून पुन्हा देता येतं, आणि दुसऱ्या वेळचे मार्क मी पूर्ण धरते.

"टीचर वर्गात इंग्रजीत समजावतच नाहीत" ही तक्रारही येते. वर्गातला नव्वद टक्के किंवा जास्त वेळ जी भाषा शिकवतो तीच वापरावी, अशी ॲक्टफलची शिफारस आहे. पहिले दोन महिने मुलं गोंधळतात. तेवढं सोसू द्या त्यांना.

दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात: वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी स्पॅनिशच बोलतात, त्यांना आयता ए मिळतो ना? नाही मिळत. शक्य तिथे त्यांचा वर्ग वेगळा असतो, कारण त्यांची गरज वेगळी असते. डोमिनिकन किंवा प्वेर्तो रिकन घरातली मुलगी माझ्याशी भराभर बोलते, पण 'आसेर' (करणे) लिहिताना सुरुवातीचं न उच्चारलं जाणारं एच हे अक्षर गाळते, आणि औपचारिक पत्र लिहायला बसली की अडते. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतली मुलं आठवा. आजीचं सगळं कळतं, पण चार ओळी लिहायला सांगितल्या की ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांशी झगडा. त्यांना मराठी 'आयती' येते असं आपण कधी म्हणत नाही.

एपीपर्यंत, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सच्या परीक्षेपर्यंत, पोचल्यावर हे सगळं आणखी स्पष्ट होतं. तिथल्या संवादाच्या प्रश्नात रेकॉर्ड केलेला आवाज पाच वेळा काही बोलतो आणि दर वेळी उत्तराला २० सेकंद मिळतात. ईमेलला १५ मिनिटं, आणि तो औपचारिक हवा. संस्थेच्या संचालकांना 'तू' म्हटलं तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. सांस्कृतिक तुलनेला चार मिनिटं तयारी आणि दोन मिनिटं बोलणं. तिथे स्पॅनिशभाषक समाजाची तुलना स्वतःच्या समाजाशी करता येते, म्हणून मी आपल्या मुलांना सांगते, गणपतीची मिरवणूक आणि स्पेनमधल्या सेव्हियातली सेमाना सांता, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या मिरवणुका, घ्या. जे डोळ्यांनी पाहिलंय त्यावर दोन मिनिटं सहज निघतात.

शेवटी सगळे विचारतात ते हे: पुढच्या वर्षी स्पॅनिश तीन ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीचा वर्ग, घ्यायचं की साधं? जीपीएचा, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचा, विचार क्षणभर बाजूला ठेवा. शनिवारी काय काय केलं ते मुलाला भूतकाळात, कागद न बघता, मिनिट-दीड मिनिट सांगायला लावा. चुकत माकत सांगितलं तरी चालेल. सांगितलं, तर ऑनर्स घ्या, त्या वर्गात तो टिकेल. दोन वाक्यांनंतर इंग्रजीवर आला, तर साधा वर्ग घ्या आणि सप्टेंबरमध्ये बॅक टू स्कूल नाइटला, म्हणजे पालकांच्या शाळाभेटीच्या संध्याकाळी, त्याच्या टीचरना विचारा की तोंडी परीक्षा वर्षातून किती वेळा होते. जितक्या जास्त, तितकं त्याच्या फायद्याचं.