मी सरकून बसले

मडगावहून फोंड्याला येताना बसमध्ये शेजारची मुलगी फोनवर म्हणाली, "कोझिकोडहून आजच आले," आणि खोकली. कोझिकोड म्हणजे केरळ, आणि केरळ म्हणजे निपा हा जीवघेणा विषाणू, एवढंच मनात आलं. मी खिडकीकडे सरकले. पुढच्या काकांनी तर जागाच बदलली.

तिच्या लक्षात आलं. मास्क नाकावर ओढत हळूच म्हणाली, "काकी, मी कुठल्या पेशंटच्या जवळही गेले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं असतं तर.

निपा असा वाऱ्यासारखा बसभर पसरत नाही. धोका असतो तो रुग्णाच्या अगदी जवळ राहणाऱ्याला, त्याची सेवा करणाऱ्याला. २०१८ मध्ये केरळात १७ जण गेले, त्यांत एक नर्सही होती. मान्यताप्राप्त लस तेव्हा नव्हती, आजही नाही. साथ आटोक्यात आली ती संपर्कात आलेल्या दोन हजारांहून जास्त लोकांना शोधून, त्यांच्यावर लक्ष ठेवून. आणि लोकांनी खरं सांगितलं म्हणूनच ना?

आपण अशा जागा बदलत राहिलो, तर उद्या खरोखर ताप आलेला प्रवासी आरोग्य केंद्रात "कुठून आलात?" याचं काय उत्तर देईल?

फोंड्याला ती माझ्याआधी उतरली. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.