बीचचा ओंडका मार्चच्या आत फोडा

जर्मनीत सरपण म्हणून बीच (beech) या झाडाच्या लाकडाला पहिली पसंती असते आणि ती योग्यच आहे. लाकूड जड, ठिणग्या कमी, निखारे बराच वेळ टिकतात. नीट वाळलेल्या बीचच्या एका राउममीटरमधून (म्हणजे फटींसकट रचलेला एक घनमीटर) साधारण २००० किलोवॅट-तास उष्णता मिळते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातून सुमारे १४००.

पण बीचला हयगय चालत नाही. ओक पडून राहिला तरी त्याचा गाभा टिकतो. बीचच्या गाभ्यात कुज रोखणारं काही नसतं आणि साल ओलावा आत कोंडते. हिवाळ्यात तोडलेला ओंडका न फोडता उन्हाळाभर जमिनीवर राहिला की बुरशी शिरते, कापावर काळ्या रेषा उमटतात, लाकूड हलकं पडतं. गेलेलं वजन म्हणजे गेलेली उष्णता. नंतर कितीही वाळवा, ती परत येत नाही.

जंगलातल्या रस्त्याकडेला रचलेले लांब ओंडके विकत घेणं उत्तम. २०१८ पासूनच्या दुष्काळांत शेंडा वाळलेली बीचची झाडं स्वतः पाडू नका. त्यांच्या फांद्या न सांगता तुटतात. ओंडका कापताना आधी दाबाखालच्या (लाकूड दबलेल्या) बाजूने थोडा काप घ्या, मग ताणाच्या (लाकूड ताणलेल्या) बाजूने पुरा करा. उलट केलंत तर चेनसॉची पट्टी अडकते किंवा लाकूड उभं चिरतं. ३३ सेंटिमीटरचे तुकडे बहुतेक स्टोव्हना चालतात.

ओलं बीच सरळ फुटतं, वाळलं की चिवट होतं. अडीच-तीन किलोची फोडकुऱ्हाड पुरते. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नका, कडेकडेने चिरफळ्या काढत आत या. गाठी आणि दुबेळके शेवटी पाचर-घणाने. चिरफळीची जाडी ८ ते १० सेंटिमीटर. अख्खी गोल काठी, बारीक असली तरी, एकदा उभी फोडाच.

थप्पी पॅलेटवर (सामान ठेवायच्या लाकडी चौकटीवर) रचा, भिंतीपासून हातभर नाही तरी १० सेंटिमीटर दूर, वारा आणि ऊन लागेल अशी. आच्छादन फक्त वरून. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली की आतली वाफ अडते आणि बुरशी धरते, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. खरं वाळणं एप्रिल ते सप्टेंबर होतं. हिवाळ्यात लाकूड उलट थोडा ओलावा शोषतं. चांगल्या जागी एक उन्हाळा कधी पुरतो, पण दोन धरून चाला.

ओलावा मोजताना चिरफळी नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठावर मधोमध ओलावामापकाच्या सुया रोवा. बाहेरचा आकडा बहुधा कमी येतो. जर्मन नियमातली ओलाव्याची मर्यादा २५ टक्क्यांच्या आत आहे, तीही कोरड्या लाकडाच्या वजनावर. बहुतेक सुईवाली यंत्रं याच पद्धतीने आकडा दाखवतात. पाण्यासकट एकूण वजनावर मोजलं तर तेच २० टक्के होतात.