पोफळीच्या वाडीतून दिसणारी जोखीम

जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिश बेक यांनी १९८६ साली 'जोखीम समाज' ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी चेर्नोबिलची दुर्घटना घडली. त्यामुळे आधुनिक धोके वर्ग आणि सीमा जुमानत नाहीत, हा त्यांचा मुद्दा युरोपात सहज पटला असावा. श्रीवर्धनच्या वाडीत उभे राहिल्यावर मला तो अर्धाच पटतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले तेव्हा वारा सर्वांच्याच आगरातून गेला. मात्र मध्यावर मोडलेल्या पोफळीच्या जागी नवे रोप लावून सुपारी हाती येईपर्यंतची सहा-सात वर्षे मुंबईहून पैसे येणाऱ्या घराने वेगळी काढली आणि झाडावर चढून सुपारी पाडणाऱ्या गड्याने वेगळी. सातबाऱ्यावर त्याचे नावच नसते. शिवाय वाड्या गुंठ्यांत मोजायच्या आणि भरपाईचा निकष मात्र सुरुवातीला हेक्टरी, हा कागदी हिशेब इथे कोणालाच उमगला नाही.

जैतापूरच्या अणुप्रकल्पाबाबतही साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी किरणोत्सर्गाइतकीच चिंता समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची केली, कारण ते पाणी थेट त्यांच्या जाळ्यापाशी येणार होते.